पाणबुड्यांची टाकी

भात निसवायला लागलं की हवेला एक वास सुटतो. दुधाळ, कच्च्या पिठासारखा. पाऊस सरत आलेला असतो पण गेलेला नसतो. बांधावर तेरडा माजलेला असतो, आणि दुपारी असं ऊन पडतं की खाचरातल्या चिखलातून वाफ निघताना दिसते. आमच्या शेणवे गावाकडे या दिवसांत बांधावरून जाताना मोठ्यानं बोलत नाहीत. पितरांचे दिवस. कोण कुठं येऊन बसलेलं असेल, सांगता येत नाही. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता भाताचा हा वास आला की त्याच्या मागोमाग माझ्या नाकात दुसरा एक वास शिरतो. ग्रीसचा, जुन्या रंगाचा आणि खाऱ्या पाण्याचा. मग मीही आवाज खाली घेते.

खारं पाणी आमच्यापासून किती लांब! आमच्याकडे नद्या, धरणं, डोंगर. समुद्र बघायचा तर आख्खा दिवस मोडायचा. तरी काही वर्षं मी रोज समुद्राला हात लावत होते, तोही वाशिंदला.

तिथं एका वर्कशॉपमध्ये मी मापं तपासायच्या कामाला होते. पुढे रस्ता, मागे भातखाचरं आणि मधे पत्र्याची लांब शेड. आमच्या शेठनं जहाजाच्या पार्टचं काम धरलं होतं. जहाज नौदलाचं, पण लढाईचं नव्हे. दुसरं जहाज फुटलं, बुडालं, कुठं अडकलं की हे तिथं जायचं. माणसं काढायचं, बुडालेलं ओढून वर आणायचं. जहाज जुनं होतं. त्याचे पार्ट ज्या परदेशी कारखान्यांनी बनवले ते केव्हाच बंद झालेले. म्हणून झिजलेला पार्ट नमुना म्हणून गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे यायचा. मी त्याची मापं काढायची, झीज किती झाली असेल ते धरायचं आणि त्यावरून नवा बनायचा. कधी पितळी बुश, कधी दोर ओढायच्या यंत्राचं दात मोडलेलं चाक, कधी हिरवा गंज चढलेला वॉल्व्ह. गोणपाट सोडलं की आतून वाळू पडायची. एकदा पाइपाच्या वाकणात चिकटलेले चिमुकले शिंपले निघाले. मी ते खरवडून टाकले आणि मग उगीचच खाली वाकून गोळा केले.

पार्ट हातात घेतला की कळायचं, याला कोणी कसं वापरलंय. वॉल्व्ह फिरवायच्या एका चाकाच्या कडेला एकाच जागी खड्डा पडलेला होता, अंगठा बसेल एवढा. कितीतरी वर्षं कितीतरी माणसांनी तिथंच जोर लावला असणार. मी त्यात अंगठा ठेवून बघितला. बरोबर बसला. नवं चाक आम्ही गुळगुळीत बनवलं, तेव्हा मला त्या अंगठ्यांबद्दल कसंसंच वाटलं होतं.

अशाच एका भाद्रपदात ती टाकी आली.

ट्रेलरवरून आली, आणि उतरवायला हायड्रा क्रेन बोलवावी लागली. टाकी हे आमचं नाव. आडवी, गोल, पांढऱ्या रंगाची, टेम्पोएवढी लांब. एका टोकाला गोल जाड दार, बाजूला काचेच्या छोट्या गोल खिडक्या, आत झोपायला लोखंडी फळ्या. तिच्याबरोबर सावंतसाहेब आले. हे आयुष्यभर त्याच जहाजावर पाणबुडे होते. निवृत्त होऊन कल्याणला राहायचे आणि आता पार्टचं काम बघायला शेठकडे येत. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनीच आम्हाला टाकी समजावली.

"खोल पाण्यात माणसाच्या अंगावर पाण्याचा दाब असतो. तिथून एकदम वर आला तर रक्तात बुडबुडे होतात. सोड्याची बाटली फोडल्यावर होतात तसे. मरतो, नाहीतर लुळा होतो. म्हणून त्याला या टाकीत घालायचं, आत हवा भरून तेवढाच दाब करायचा, आणि मग हळूहळू दाब उतरवायचा. तो जहाजावर झोपलेला असतो, पण त्याचं शरीर समुद्रातच असतं. टाकी त्याला सावकाश वर आणते."

"आणि हवा उतरवताना काय चुकलं तर?" जनादानं विचारलं.

सावंतसाहेबांनी टाकीवर हात ठेवला. "म्हणूनच तुमच्याकडे आणलीय."

जनादा आमचा फिटर. आमच्याच आळीतला, माझ्याहून मोठा. शेणव्याहून त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून मी कामाला यायचे. बोलघेवडा, गाणी म्हणत काम करणारा. दाराचं रबरी सील बदलणं, खिडक्यांच्या काचा नव्यानं बसवणं आणि आतल्या माणसाला स्वतः हवा सोडता यावी म्हणून आतून असलेला वॉल्व्ह नवा करणं, एवढं काम होतं. जुन्या काचा काढून तिथं लोखंडी झाकणं लावली. आतला वॉल्व्ह काढला, त्याच्या भोकाला बूच मारलं. टाकी आंधळी झाली.

तिसऱ्याप्रहरी ऊन कललं की ती वाजायला लागली.

टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. आतून. पहिल्यांदा सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं. सावंतसाहेब म्हणाले, "लोखंड आहे. दिवसभर तापतं, संध्याकाळी निवतं. आवाज येणारच."

पटण्यासारखं होतं. शेडचे पत्रेही वाजतातच की. पण पत्रे कुठूनही वाजतात. टाकी एकाच जागी वाजायची, दाराच्या समोरच्या टोकाला, खालच्या फळीच्या उशाशी. आमचा काँप्रेसर सांभाळणारा बाळू त्या बाजूनं जाणं टाळू लागला. "हे दिवस वाइट हायत," म्हणायचा. "समुद्रात मेल्यांचं कोन करतंय? त्यांना कोनचं घर?" शेठनं नारळ फोडला. टाकी वाजत राहिली. जनादा तिला हाक मारून म्हणायचा, "थांब रे बाबा, येतो!" आणि सगळे हसायचे. असं हसत हसत आम्हाला सवय झाली. कुठल्याही गोष्टीची होते. आवाज आला की कोणी मानसुद्धा वळवेना.

त्याच सवयीनं जनादाचा जीव जायचा होता.

दुपार होती. बारा टळून गेलेले, शेडमध्ये पत्र्याखाली नुसती भट्टी. नवं सील बसवून झालं होतं. दुसऱ्या दिवशी हवा भरून तपासायचं म्हणून काँप्रेसरचा पाइप जोडून ठेवला होता. सावंतसाहेब त्या दिवशी आले नव्हते. सकाळी जनादा म्हणाला होता की टेम्पोबरोबर आसनगावला जाऊन बोल्ट घेऊन येतो. टेम्पो गेला. तो त्यात आहे असंच सगळ्यांनी धरलं.

तो गेला नव्हता. जायच्या आधी सील एकदा बघून घ्यावं म्हणून तो टाकीत शिरला आणि दार आतून लावून घेतलं. आत काळोख करायचा आणि कडेनं कुठं उजेड येतो का बघायचं, ही त्याची रीत. टेम्पोवाल्यानं हाक मारली असेल, त्याला ऐकू आली नसेल. तेवढ्यात बाळूनं हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरसाठी काँप्रेसर चालू केला. टाकीच्या पाइपावरचा कॉक जुनाच होता, पुरता बंद होत नव्हता. हे कोणाला ठाऊक नव्हतं. हवा बारीक धारेनं टाकीत शिरत राहिली. दार आतल्या बाजूला उघडणारं, म्हणजे आतली हवा जितकी वाढेल तितकी ती दाराला दाबून धरणार. आतला वॉल्व्ह काढलेला. खिडक्या आंधळ्या. बाहेर ग्राइंडरचा कर्कश आवाज.

मी शेडच्या कोपऱ्यात टेबलाशी बसून एका पितळी रिंगचं माप घेत होते. ग्राइंडर थांबला. काँप्रेसरची घरघर तेवढी उरली.

टक्. टक्.

मी माप लिहिलं. पुन्हा आवाज आला. पेन हातातच राहिलं. काहीतरी बरोबर नव्हतं, आणि काय ते पटकन कळेना. मग कळलं. टाकी संध्याकाळी वाजते. भर दुपारी ती कधीच वाजलेली नव्हती. तापलेलं लोखंड तापलेलंच होतं, निवत नव्हतं.

"बाळू, ऐकलंस?"

"सोड गो ताई. रोजचंच हाय."

मी उठले. टाकीजवळ गेले. एक पाना उचलला आणि टाकीच्या अंगावर ठोकला. एकदाच.

शांत.

आणि मग समोरच्या टोकाकडून, खालच्या फळीच्या उशाशी, उत्तर आलं. घाईघाईनं, लागोपाठ, बोटांची हाडं आपटावीत तसं.

लोखंड वाजतं. पण उत्तर देत नाही. माझी नजर दाबाच्या काट्यावर गेली. तपासणीसाठी नुकताच बसवलेला काटा, शून्यावर असायला हवा होता. तो चांगला वर चढला होता. दार लावलेलं होतं, आणि आतून दार लावून सील बघायची रीत एकट्या जनादाची.

"बाळू! जनादा आत आहे!"

बाळू पहार घेऊन दाराशी भिडला. शेठ धावत आले. मी सावंतसाहेबांना फोन लावला आणि काटा किती आहे ते सांगितलं. 

"दाराला हात लावू नका," ते म्हणाले. "दहा माणसं लागली तरी हलणार नाही. आधी काँप्रेसरकडचा कॉक बंद करा. पाइप मात्र काढू नका. केलं? आता बाई, नीट ऐका. तुमच्या गावच्या तीन विहिरी एकीवर एक ठेवल्या तर जेवढी खोली होईल, तेवढा खोल आहे तो आत्ता. तो वाशिंदला नाही, समुद्रात आहे. त्याला वर आणायचंय. भसकन हवा सोडलीत तर छाती फुटेल त्याची. बाहेर सोडायचा वॉल्व्ह आहे ना? केसभर उघडा."

मी चाकाला हात घातला. माझ्या मापानं बनून गेलेलं ते गुळगुळीत चाक या टाकीचंच होतं. केसभर फिरवलं. हवा फुसफुसायला लागली.

"थांबा. थोडं बंद करा. आता पुन्हा."

बाहेर खाचरात ऊन पडलं होतं. बगळे चरत होते. कोणीतरी बैलांना हाकत होतं. आणि मी एका माणसाला समुद्रातून वर काढत होते. मधे एकदा मी पाना ठोकून बघितला. उत्तर आलं नाही. पुन्हा ठोकला. काही नाही. बाळू रडायला लागला. मी फोनवर ओरडले, "साहेब, तो उत्तर देत नाही, मी सगळं उघडते!"

"नाही!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग एकदम खाली आला. "मीही असाच बाहेर उभा होतो एकदा. घाई करू नका, बाई. माझं ऐका."

मी ऐकलं. त्या दुपारी ते चाक मी किती वेळ धरून होते, मला खरंच सांगता येणार नाही. काटा खाली आला. दार आपोआप सुटलं, कोणी उसासा टाकावा तसं, आणि आतून धुकं बाहेर आलं. भर उन्हात, पांढरं, गार धुकं माझ्या पायांवरून शेडभर पसरलं. दाब उतरताना हवा गार होते, धुकं होतं, असं सावंतसाहेबांनी नंतर सांगितलं. पण त्या धुक्याला समुद्राचा वास का होता, ते मी विचारलं नाही.

जनादा दाराच्या आत, कडेला टेकून बसला होता. घामानं निथळलेला, नाकातून रक्त, डोळे उघडे. श्वास चालू होता. त्याला उचलून बाहेर घेतलं, पाणी मारलं, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचला. एक कान मात्र कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेशी बसले होते. बायको रंजनावहिनी चहा आणायला गेली होती. मी म्हटलं, "बरं झालं तू ठोकत राहिलास. नायतर आमी कुठं बघणार होतो?"

त्यानं चांगला कान माझ्याकडे केला.

"मी नाय ठोकलं गो."

"असं कसं? मी पाना मारला, तू लगेच उत्तर दिलंस."

"पयल्यांदा दार ओढलं, बोंबललो. मग कानात असं दुखलं का दोनी हात कानावर घट्ट धरून बसलो. हात काडायची ताकद नवती. मला वाटत व्हतं तुमीच ठोकताय. लय वेळ ठोकत व्हतात तुमी. मी मनात म्हनत व्हतो, ठोकताय काय नुसते, उगडा ना!"

मी एकदाच ठोकलं होतं. आणि मागून दोनदा. त्याच्याआधी बाहेरून कोणीच नाही. आणि उत्तर आलं ते समोरच्या टोकाकडून, फळीच्या उशाशी. जनादा बसला होता दारात, टाकीच्या दुसऱ्या टोकाला.

हे त्याला मी तेव्हा सांगितलं नाही. सावंतसाहेबांना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील लोखंड तापतं, निवतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या बाजूनं?" मी जागा दाखवली. त्यांनी वाकून तिथं हात फिरवला. "हं," म्हणाले. "झोपलेल्याचं डोकं तिकडेच असतं." त्या उशाशी कोणाचा तरी जीव गेला तेव्हा बाहेर तेच उभे होते, एवढं मला कळलं; नाव मी विचारलं नाही.

टाकी अर्धवट पडली होती. दुसऱ्या कोणी आत जाऊन वॉल्व्ह बसवायला तयार होईना. बाळूनं तर कामच सोडायची भाषा केली. शेठ म्हणाले, परत पाठवून देऊ, होऊ दे नुकसान. आणि एक दिवस, कानात कापूस घातलेला जनादा मोटरसायकलवरून उतरला, हत्यारांची पेटी उचलली आणि सरळ टाकीकडे निघाला.

मी आडवी गेले. "वेडा झालास काय? वहिनीला काय सांगू मी?"

"तिला सांगूनच आलोय. उद्या आत कोन झोपंल, त्याला आतून हवा सोडता आली पायजे का नको? मला ती सोय नवती, मंगल. ती काय असते ते मलाच म्हाईत." मग जरा थांबून म्हणाला, "तू दारात बस. दार धरून ठेव."

मी उंबऱ्यावर बसले, दाराला पाठ लावून, एक पाय आत, एक बाहेर. तो आत वाकून गेला. आत विजेरीचा उजेड हलत होता. पाना फिरल्याचा आवाज येत होता. गाणं मात्र म्हणत नव्हता. मधेच त्याचा आवाज आला, अगदी साधा, गाडीत शेजारच्याला म्हणावा तसा.

"सरक जरा."

मी वळून बघितलं. तो एकटाच होता. खालच्या फळीवर कडेला बसला होता, उशाकडची जागा रिकामी सोडून. मी तोंड फिरवलं आणि भातखाचरांकडे बघत राहिले. भीती म्हणावी तशी वाटली नाही. एखाद्या घरात आजारी माणूस झोपलेला असतो आणि आपण दारातच आवाज न करता बसतो, तसं वाटत होतं.

काम झालं, तपासणी झाली. ट्रेलर आला त्या दिवशी सावंतसाहेब स्वतः टाकीबरोबर गेले. जहाज अजून चालतं म्हणतात. त्या टाकीतून नंतर कोण कोण धडधाकट बाहेर आलं, ते आम्हाला कळायचं कारण नाही.

मी आता वाशिंदला जात नाही. जनादाही नाही. तो शेती बघतो. त्याच्याशी बोलताना चांगल्या कानाच्या बाजूनं बोलावं लागतं. मळभ आलं की बहिऱ्या कानात घूं होतं, म्हणतो, आणि हसतो. मी त्याला पुढं कधीतरी सगळं सांगितलं, कुठल्या टोकाकडून उत्तर आलं ते. त्याला नवल वाटलं नाही. "मला तवाच कळलं व्हतं," एवढंच म्हणाला.

परवा सर्वपित्री होती. मी त्यांच्या पडवीत गेले तर रंजनावहिनी पानं वाढत होती. सासऱ्याचं, सासूचं, जनादाच्या थोरल्या भावाचं. प्रत्येकाच्या आवडीचं ज्याच्या त्याच्या पानावर. सासऱ्याला सुकट, सासूला खीर जास्त. कडेला आणखी एक पान होतं. त्यावर भात, वडे, भाजी, खीर, सुकट, सगळंच थोडं थोडं.

"हे कोनाचं गो, वहिनी?"

"ह्यांनाच विचार. दरसाली मांडायला लावतात. नाव म्हाईत नाय, गाव म्हाईत नाय. काय आवडायचं ते पन नाय म्हाईत, मग वाढते सगळंच."

ती पानं कावळ्यांना ठेवायला कौलांकडे निघाली, सासऱ्याचं पुढं धरून. घरच्या वडीलधाऱ्याचं पान आधी ठेवायचं, ही रीतच आहे. जनादा उठला आणि तिच्या हातातून ते कडेचं पान काढून घेतलं.

"आज त्याचं आधी ठेवू," तो म्हणाला. "लय वाट बगितलीय त्यानं."